चर्चा: हजार यार्डांवर पुंगळीतला फरक खरोखर दिसतो का?

धागाकर्ता (टेक्सास)

रायफलची काडतुसे घरी भरणाऱ्यांनी पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचे, ज्यांत दारू भरून तोंडाशी गोळी बसवतात) तोलून-मापून सारख्या निवडून घ्याव्यात की नाही, यावर मतभेद आहेत. लांब पल्ल्यावर खेळायचे असेल तर निवडल्याच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. (भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे ही चर्चा अमेरिकेतल्या एफ-क्लास (पालथे पडून, रायफल टेकूवर ठेवून लांब पल्ल्यावर करायच्या) नेमबाजीपुरती समजावी.)

गेल्या हंगामात .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या वीस फैरींच्या सामन्यात माझ्या तीन गोळ्या लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाच्या वर, नऊ गुणांच्या वर्तुळात लागल्या. फैर झाडली की पुंगळी डब्यातल्या त्याच खणात परत ठेवण्याची मला सवय आहे, म्हणून त्या तीन पुंगळ्या नेमक्या हाती आल्या. बुडावरचा शिक्का पाहिला तर त्या लष्करी बनावटीच्या निघाल्या; माझ्याच निष्काळजीपणामुळे त्या मिसळल्या होत्या. बाकीच्या पुंगळ्या १६० ग्रेनच्या (१ ग्रॅम म्हणजे सुमारे १५ ग्रेन) आसपास, तर या १७९, १८० आणि १८१ ग्रेनच्या होत्या. दारूचे माप, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) आणि १७५ ग्रेनची गोळी वीसही काडतुसांत सारखीच होती.

कारण सरळ आहे. पुंगळीचा बाहेरचा आकार रायफलच्या चेंबरने (काडतूस बसते त्या पोकळीने) ठरतो, म्हणून धातू जास्त असेल तर तो बहुतांशी आतली जागा खातो. जागा कमी झाली की तेवढ्याच दारूने दाब वाढतो आणि गोळी अधिक वेगाने सुटते. म्हणूनच पातळ पुंगळीत ठरवलेले दारूचे माप जाड पुंगळीत जसेच्या तसे वापरणे धोक्याचेही आहे. माप खाली आणून पुन्हा पायरीपायरीने वर जावे लागते.

प्रतिसाद १ (ओहायो)

आपण सांगितलेले उदाहरण दोन वेगळ्या बनावटी मिसळल्याचे आहे, आणि तशी मिसळ करू नये याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो एकाच बनावटीच्या, एकाच खेपेतल्या पुंगळ्या तराजूवर घालून दोन-तीन ग्रेनच्या फरकाने वेगळ्या काढण्याबद्दल. मी कॅम्प पेरी या ओहायोतल्या नेमबाजीच्या मैदानावर, एरी सरोवराच्या काठी खेळलो आहे. तिथला वारा काय करतो ते एकदा पाहिले की हा तराजू कपाटात जातो. याच १७५ ग्रेनच्या गोळीला हजार यार्डांवर ताशी १ मैलाचा आडवा वारा सुमारे ८ ते ९ इंच ढकलतो, आणि दहाचे वर्तुळ अवघे १० इंच व्यासाचे असते. वाऱ्याचा अंदाज ताशी १ मैलाने चुकणे अनुभवी माणसालाही टळत नाही. ज्या संध्याकाळी आपण पुंगळ्या तोलत बसता, ती संध्याकाळ वारा दाखवणाऱ्या झेंड्यांकडे पाहण्यात घालवली तर गुण जास्त वाढतील.

प्रतिसाद २ (न्यू जर्सी)

माझा आक्षेप वेगळा आहे. पुंगळीतली जागा महत्त्वाची आहे हे मान्य, पण वजन हे त्या जागेचे खात्रीचे माप नाही. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची घनता पाण्याच्या सुमारे साडेआठपट असते. म्हणजे १० ग्रेन जादा पितळ सगळेच्या सगळे आत असले, तरी त्याने जेमतेम १.२ ग्रेन पाण्याची जागा अडते, आणि .३०८ च्या पुंगळीत सुमारे ५६ ग्रेन पाणी मावते. शिवाय तो फरक आतच असेल असे नाही. बुडाजवळची एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) खाच थोडी उथळ कापली गेली तर वजन वाढते, पण आतली जागा तेवढीच राहते. मापायचेच असेल तर झाडलेली, फुगल्यावर साच्यात दाबून मूळ आकारात परत न आणलेली पुंगळी घ्यावी, जुना प्रायमर तसाच ठेवावा, तोंडाशी पाण्याचा पृष्ठभाग सपाट होईपर्यंत पाणी भरावे आणि मग तोलावे. हे कंटाळवाणे काम आहे, पण त्यातून खरा आकडा हाती येतो.

धागाकर्ता

दुसऱ्या प्रतिसादातला मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. त्यानंतर मी वीस पुंगळ्या पाण्याने मोजल्या. सर्वांत जड पुंगळीत सर्वांत कमी पाणी मावले नाही. वजनाचा उपयोग यापुढे मी फक्त अगदी विसंगत पुंगळी बाजूला काढण्यापुरता करीन.

वाऱ्याचा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. वारा गोळी मुख्यतः आडवी नेतो, वेगातला फरक ती वर-खाली नेतो. सेकंदाला १० फुटांचा फरक हजार यार्डांवर साडेतीन-चार इंच उंची बदलतो. ज्या फैरीला वाऱ्याचा अंदाज चार इंचांनी चुकला, ती वर्तुळाच्या मध्यरेषेवर असेल तर दहातच राहते. पण तीच आणखी चार इंच वर गेली तर नऊमध्ये जाते. वारा माझ्या हातात नाही, म्हणून जे हातात आहे तेही सोडून द्यावे, हे मला मान्य नाही. .२२३ रेमिंग्टन हे लहान काडतूस वापरणाऱ्यांना तर हे अधिकच लागू आहे, कारण त्या पुंगळीत .३०८ च्या जवळजवळ निम्मीच जागा असते.

प्रतिसाद ३ (इंग्लंड)

वेगातला फरक म्हणजे तेवढीच उंची, हे गणित नेहमी खरे ठरत नाही. बिस्ली या इंग्लंडमधल्या नेमबाजीच्या मैदानावरच्या जुन्या नेमबाजांना ठाऊक होते की जुनी ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफल जवळच्या पल्ल्यावरच्या कामगिरीवरून वाटेल त्याहून हजार यार्डांवर चांगली मारते. तिचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) मागच्या बाजूला अडकतो, फैरीच्या वेळी नळी थरथरते, आणि मंद गोळी थोडी उशिरा बाहेर पडते तेव्हा नळीचे तोंड जरा वर आलेले असते. त्यामुळे मंद आणि वेगवान गोळ्या दूरवर जवळजवळ येतात. आपल्या रायफलची नळी काय करते हे न तपासता सगळा दोष पुंगळीवर घालू नये.

प्रतिसाद १

आणि मानेचे (पुंगळीच्या गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाचे) काय? वारंवार भरलेल्या पुंगळीची मान कडक होत जाते, तिची गोळीवरची पकड प्रत्येक पुंगळीत वेगळी होते. मान तापवून मऊ केल्याशिवाय आतली जागा मोजणे म्हणजे उंबरा सोडून आत रांगोळी घालण्यासारखे आहे. गोळी बसवताना दाबयंत्राच्या लिव्हरवर हाताला लागणारा जोर मला कोणत्याही तराजूपेक्षा अधिक सांगतो.

धागाकर्ता

मान मी दर भरणीनंतर तापवतो, बुडाला आच लागू न देता. ते मऊ पडले तर पुंगळी दाब सोसणार नाही. आता पाण्याने मोजलेल्या सर्वांत मोठ्या दहा आणि सर्वांत लहान दहा पुंगळ्यांच्या बुडावर शाईचे ठिपके केले आहेत. त्या डब्यात कोणत्या क्रमाने ठेवायच्या हे माझा जोडीदार ठरवील आणि सामना संपेपर्यंत मला सांगणार नाही. लक्ष्यावरच्या उंचीचे आकडे पुंगळ्यांच्या क्रमासह इथेच देईन.