मदत हवी आहे: मांडीतल्या गाठीत सुई घालू द्यावी का?

माणदेशी_पोरगं
आप्पांच्या मांडीत मागच्या बाजूला गाठ आहे. दुखत नाही, बसलं की लागते. आजवर सगळे चरबीची गाठ म्हणाले. सोनोग्राफीत पाण्याची निघाली. डॉक्टर म्हणतात सोमवारी सुई घालून पाणी तपासायला पाठवू. करावं का? लवकर सांगा, लांबण नको.

खडीसाखर
वय? आकार? रिपोर्टात नेमकं काय लिहिलंय?

माणदेशी_पोरगं
६४. सात सेंटिमीटर. मोठ्या सिस्टच्या (पाण्याच्या पिशवीच्या) आत बारक्या बारक्या सिस्ट आहेत, आणि शेवटी 'पॅरासायटिक' लिहून प्रश्नचिन्ह. विचारलंय सुईचं, रिपोर्टचं काय घेऊन बसलात?

निवृत्त_सर्जन
सगळी मेख त्या रिपोर्टातच आहे. घरी मेंढरं, कुत्री?

माणदेशी_पोरगं
धनगराच्या घरी मेंढरं नसणार तर काय? कुत्री तीन. त्याचा गाठीशी काय संबंध?

निवृत्त_सर्जन
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. सोमवारची सुई थांबवा. हा हायडॅटिड सिस्ट, म्हणजे जंतामुळे होणारी पाण्याची गाठ असू शकतो; 'पॅरासायटिक'चा अर्थ तोच. कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीची अंडी विष्ठेतून हाताला, पाण्याला लागतात आणि माणसाच्या पोटात जातात. बहुतेकदा गाठ यकृतात होते, त्याखालोखाल फुप्फुसात. नुसत्या स्नायूत क्वचितच. म्हणूनच चरबीची समजून कापली जाते. आतलं पाणी सांडलं तर जोराची ॲलर्जी येऊन रक्तदाब कोसळू शकतो, आणि सांडलेल्या पाण्यातून नव्या गाठी धरतात.

गुळवेल_प्रेमी
एरंडाचं पान गरम करून बांधा. आमच्या आत्याची गाठ तेवढ्यावर बसली.

खडीसाखर
आत्याची कसली गाठ होती ते तरी सांगा! आणि सर्जनसाहेब, माझ्या मावसभावाच्या लिव्हरमधल्या अशाच गाठीचं पाणी सुईनेच काढलं होतं. तेव्हा कुणी मेलं नाही.

निवृत्त_सर्जन
त्याला 'पेअर' म्हणतात. आधी अल्बेंडाझोल (जंताच्या गोळ्या) सुरू करून, सोनोग्राफीत बघत, ॲलर्जीची इंजेक्शनं हाताशी ठेवून करतात. तेही निवडक गाठींत. आत पिल्लं, म्हणजे तुमच्या रिपोर्टातल्यासारख्या बारक्या सिस्ट, भरलेली असतील तर तिथे ते चालत नाही. इथे साधी पाण्याची गाठ समजून कसल्याही तयारीशिवाय सुई टोचायची चालली होती. दोन्हींत फरक आहे.

कुर्ला_लोकल
डुकराच्या मांसामुळे होतं हे. बंद करा.

माणदेशी_पोरगं
आप्पा माळकरी आहेत.

निवृत्त_सर्जन
कुर्ला, तुम्ही म्हणता ती सिस्टिसरकोसिस, वेगळा जंत. स्नायूतली ती गाठ साधारण भाताच्या दाण्यासारखी बारीक असते, सात सेंटिमीटरची नव्हे. आणि तीही शाकाहारी माणसाला होते, अंडी पोटात गेली की.

खडीसाखर
मग आता काय? अल्बेंडाझोलची एक गोळी देऊन बघू का? शाळेत देतात तीच ना?

निवृत्त_सर्जन
एका गोळीने काही होत नाही. पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, मांडीचा एमआरआय करा. रक्ताची ॲंटीबॉडी तपासणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका, यकृताबाहेरच्या गाठीत ती बऱ्याचदा चुकते. आधी गोळ्या, मग गाठ न फोडता अख्खी काढणं, पुन्हा गोळ्या. गोळ्या तेलातुपाच्या जेवणाबरोबर, आणि मधूनमधून लिव्हर व रक्तपेशी तपासायच्या. मेडिकल कॉलेजच्या सर्जरी विभागात दाखवा.

पॉलिसीवाला
मेडिक्लेमची चौकशी करा. ॲडमिट होण्याआधी कळवावं लागतं.

माणदेशी_पोरगं
मेडिक्लेम नाही. सोमवार रद्द केला, डॉक्टर थोडे चिडले. आई विचारतेय मटण बंद करायचं का?

गोठा_आणि_गुरं
मटणातून माणसाला होत नाही. मेंढरू कापल्यावर काळीज-फुप्फुस कच्चं कुत्र्यांपुढे टाकता ना? त्यातल्या गाठी खाऊन कुत्र्यांना हा जंत होतो. ते बंद करा, पुरा किंवा जाळा. तिन्ही कुत्र्यांना प्राझिक्वांटेल (फीतकृमीचं औषध) द्या, दर किलोला ५ मिलिग्रॅम, वर्षातून किमान चारदा. वजनं सांगा, गोळ्यांचा हिशेब देतो.

माणदेशी_पोरगं
कुत्र्यांची वजनं कोण करतं?

गोठा_आणि_गुरं
कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग तुमचं वजा करा. चावरं असेल तर मुसकी बांधून.