प्रतिसाद: बेचक्यात अडकलेली थ्रो बॅग

झाडावर दोरी चढवायला बारीक दोरीला बांधून फेकतात ती वजनाची छोटी पिशवी म्हणजे थ्रो बॅग. ती फांदीच्या बेचक्यात अडकली तर कशी काढायची, असा प्रश्न आहे. त्यावर कुणीतरी 'दोरी हाताला गुंडाळून जोरात हिसका द्या' म्हणून सांगितलंय, तेवढं करू नका. दोन मिलिमीटरची दोरी बोटं कापते. वाकलेली फांदी सुटली की साडेतीनशे ग्रॅमची पिशवी थेट तोंडावर येते. शिवाय हिसक्यानं ती बेचक्यात आणखी रुतते.

आधी ताण पूर्ण सोडा आणि दोरीला खालून लाटा द्या. बऱ्याचदा पिशवी स्वतःच्या वजनानंच मागं घसरते. नाहीच घसरली, तर ती ज्या बाजूनं आत शिरली तिकडं, खोडापासून लांब जाऊन हलकं ओढा. जोर लावायचाच असेल तर दोरी काठीला गुंडाळा, हेल्मेट-गॉगल घाला आणि ओढीच्या रेषेत कुणाला उभं करू नका.

मुळात बहुतेक वेळा अडकते ती परत ओढताना. फेक चुकली तरी पिशवी जमिनीपर्यंत उतरवून दोरीपासून सोडून घ्या, मगच दुसऱ्या बाजूनं ओढून मोकळं टोक परत घ्या. टोकाला गाठ नको, साधी गाठसुद्धा सालीच्या भेगेत धरते. आपल्याकडं कोल्हापुरात आंब्यावर बांडगूळ असतं, त्यातून दोरी टाकूच नका. पावसाळ्यात भिजलेली दोरी शेवाळी सालीला चिकटते, तेव्हा जरा जड पिशवी घ्या.