उलटलेली कड आणि धारेचा कोन

एकांनी विचारलंय, शिकारीची सुरी आणि खिशातला चाकू एकाच कोनात घासले तर काय बिघडतं? फारसं नाही, पण दोघांचं काम वेगळं. खिशातल्या चाकूला दर बाजूला १७ ते २० अंश (पातं आणि धार लावायचा दगड यांतला कोन) पुरतात. हाडाशी, सांध्याशी गाठ पडणाऱ्या सुरीला २० ते २५ ठेवा, नाहीतर पातळ धार दुमडते किंवा तिचा टवका उडतो.

कोनापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती उलटलेली कड. एक बाजू घासत गेलं की धातूची बारीक कड दुसऱ्या बाजूला वळते. अंगठा कण्याकडून (पात्याच्या बोथट पाठीकडून) धारेकडे अलगद सरकवला की ती बोटाला अडते. मुठीपासून टोकापर्यंत सलग अडली, मगच बाजू बदला. मधेच लागली नाही तर तिथे दगड धारेपर्यंत पोचलेलाच नाही; मार्करने धारेची पट्टी काळी करून दोन हात मारा, शाई कुठे उरली ते दिसेल. मग दाब कमी करत, आलटून पालटून घासून ती कड काढायचीच. राहिली तर पहिल्याच कापात मुडपते आणि लोक पोलादाला दोष देतात.

८००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितका दगड गुळगुळीत) हट्ट कशाला? कातडं, दोरी यांना ६०० ते १००० ग्रिटची किंचित खरखरीत धार जास्त पकडते. डी२सारख्या, सहज न झिजणाऱ्या कडक पोलादाला डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली धातूची पट्टी) घ्या. वेगवान कोरड्या ग्राइंडरपासून मात्र दूर राहा, तापून धार निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच.