पहिलं मेटल डिटेक्टर घेतेय : मंगळसूत्राच्या वाट्या किती खोलवर लागतील?

वाईची_लेक : आमचं 12 गुंठ्यांचं रान आहे. जुलैत सोयाबीन भांगलताना आईचं मंगळसूत्र तुटलं. काळे मणी ओंजळभर मिळाले, दोन्ही वाट्या मातीत गेल्या. आई अजून रोज बांधावरून नजर टाकून येते. आता सोयाबीन निघालंय, रविवारी रोटाव्हेटर यायचाय. ऑनलाइन एक मशीन बघितलंय, जाहिरातीत '3 मीटर खोल' लिहिलंय. हे यंत्र मी कधी हातातही धरलेलं नाही. घेऊ का?

निवृत्त_सॅपर : ताई, आधी रोटाव्हेटरवाल्याला फोन करून थांबवा. वाट्या अजून वरच्या चार-सहा बोटांतच असणार. पाती फिरली की चेपतील आणि खालीही जातील.

लष्कराच्या इंजिनिअर दलात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये माझी 22 वर्षं गेली, सुरुंग शोधायचं यंत्र घेऊन पुष्कळ चाललोय. ते 3 मीटर विसरा. साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू 15 ते 20 सेंटिमीटरपर्यंत लागते. तुमची वाटी म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ वस्तू, ती त्याहून कमी. अंतर दुप्पट झालं की छोट्या वस्तूकडून परत येणारा सिग्नल 64 पटींनी क्षीण होतो, त्यामुळे महागडं यंत्रही दोन-चार बोटंच जास्त देतं. दांड्याच्या खालच्या टोकाला जी गोल चकती असते, ती मोठी घेऊ नका. ती मोठी वस्तू खोलवर धरते, वाटीसारखी बारीक वस्तू मात्र तिच्यातून निसटते.

खरी खोली मिळते ती चालण्यातून. सुतळी बांधून मीटर-मीटरचे पट्टे पाडा. चकती जमिनीला जवळजवळ घासत, सपाट, सावकाश फिरवा आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवा. झोका दिल्यासारखी दोन्ही टोकांना वर उचललीत, तर तिथली खोली गेली. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज गाळायची सोय, बंद ठेवा. पातळ सोनं आणि गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी यंत्राला जवळपास सारखीच वाटते. पन्नी गाळायला जाल, तर वाटीही गाळली जाईल. म्हणजे वाजेल तिथे उकरायचं. खिळे, तारेचे तुकडे खूप निघतील, कंटाळू नका.

कऱ्हाडचा_नाना : काळ्या रानात मशीन सारखं ओरडतं. आपली माती बेसॉल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट असतं. मी पहिल्याच दिवशी वैतागून मशीन पेटीत ठेवलं होतं. ग्राउंड बॅलन्स करता येणारंच घ्या, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज दाबता येतो. जिथे काही वाजत नाही अशी जागा बघून चकती वर-खाली करत जुळवायचं, आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला गेलात की पुन्हा. तरी ओरडलं तर सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा. खोली कमी होईल, पण जे वाजेल त्यावर भरवसा ठेवता येईल. विहिरीवरची मोटर बंद, मोबाइल घरी.

बांधावरचा_वकील : वाट्या तुमच्याच, त्याला अडचण नाही. पण उकरताना जुनं धन लागलं आणि किंमत 10 रुपयांच्या वर असली, तर 1878 च्या कायद्याने कलेक्टरांना कळवावं लागतं.

वाईची_लेक : रोटाव्हेटर थांबवला. कऱ्हाडच्या ओळखीच्यांकडून मशीन आणलंय, ग्राउंड बॅलन्सवालं. काका, शेजारच्या काकूंची वाटी दोऱ्याला बांधून पुरून बघितली. चार बोटांवर स्वच्छ वाजली, सहा बोटांवर चकती अगदी टेकवली तरच, वीतभर खाली काहीच नाही. तो आवाज आईनेही कान देऊन ऐकला. जिथे मणी सापडले होते, तिथूनच उद्या सकाळी सुतळी बांधतोय.