अलास्काच्या बोटीवर धुणं

प्रेषक: नेहा

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये सिअॅटलहून सुटणाऱ्या अलास्का क्रूझला आपल्यातली बरीच कुटुंबं येताहेत, म्हणून सगळ्यांनाच विचारते. आमच्या केबिनमध्ये आम्ही दोघं आणि दोन मुलं, शेजारच्या केबिनमध्ये सासूबाई. त्या पुण्याहून येताहेत. बोटीवरच्या लॉन्ड्रीचा दरफलक पाहिला, एकेका नगाचे पैसे लावलेत. मोजे आणि बनियनसुद्धा नगावर! सासूबाईंची अडचण वेगळी आहे. त्या रोज आंघोळ झाली की आपले कपडे आपणच धुतात. चारचौघांच्या मशीनमध्ये परकर-ब्लाउज टाकायला त्या तयार नाहीत. बाथरूममध्ये धुवायला हरकत नसेल, पण वाळत कुठे घालायचे? बाल्कनी आहे, तिथे दोरी बांधली तर चालेल का? आणि छोटी प्रवासी इस्त्री नेऊ की नको?

नेहा

प्रेषक: बापूकाका

अगं, सुट्टीला निघालीस की धुण्याला? सात रात्री आहेत, सात जोड घे. सिअॅटलपर्यंत आपण गाडीनेच जाणार, तिथे बॅगा कोण मोजतंय? घरी आल्यावर लाव दोन घाणे मशीनला. एवढे पैसे भरून बोटीवर पिळे घालत बसणं मला तरी पटत नाही.

बापू

प्रेषक: शुभांगी

बापूकाका, सात जोडांचा हिशोब गोव्याला ठीक आहे. अलास्काला एक जोड म्हणजे आतलं थर्मल, वर टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर रेनकोट. मुलांचं हे सगळं गुणिले सात केलंत तर बॅगा पलंगाखाली मावतील, पण कपाटात जागा उरायची नाही. चौघांच्या केबिनमध्ये आधीच एकाने उभं राहायचं ठरवलं की बाकीच्यांनी बसायचं असतं.

त्यात वाटेतलं केचिकन बंदर. वर्षाला सुमारे 150 इंच पाऊस पडतो तिथे. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण तिकडचा चार महिन्यांत उरकतो, हा बाराही महिने रिपरिपत असतो. तेव्हा कपडे मळोत न मळोत, ओले नक्की होणार.

नेहा, आधी एक बघ. तुझ्या बोटीवर प्रवाशांसाठी स्वतः धुवायची खोली आहे का? ते कंपनीवर आहे. प्रिन्सेसच्या बोटींवर असते, पैसे भरून मशीन आणि ड्रायर वापरायचे, इस्त्रीही तिथेच. कुनार्ड आणि वायकिंगच्या समुद्री बोटींवर ही सोय फुकट असते. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटीवर मात्र प्रवाशांना धुवायची खोलीच नसते. खोली असेल तर दिवसभर समुद्रात असताना तिकडे फिरकू नकोस, रांग लागते आणि कोणाचं मशीन संपून दहा मिनिटं झाली तरी कपडे कोणी काढत नाही यावरून चांगली भांडणं होतात. सगळे जेवायला गेले की जायचं, नाहीतर बोट बंदराला लागून लोक उतरले की.

खोली नसेल तर बेसिन. पण धुणं कुठेही होतं गं, खरा प्रश्न वाळण्याचा आहे. म्हणून कपडे निवडताना ते दिसतात कसे याच्या आधी ते रात्रीत वाळतील का ते बघ. पॉलिस्टर, नायलॉन, पातळ मेरिनो लोकर सकाळपर्यंत वाळते. जाड सुती टी-शर्ट दुसऱ्या दिवशीही बगलेत दमट लागतो. जीन्स केबिनमध्ये धुवायचीच नाही, तो विषय संपला.

पिळण्यापेक्षा टॉवेलची युक्ती कर. बोटीचा मोठा जाड टॉवेल जमिनीवर पसर, त्यावर धुतलेला कपडा ठेव, सुरळी कर आणि त्या सुरळीवर उभी राहा. मुलांना हे काम फार आवडतं. अर्ध्याहून जास्त पाणी टॉवेल पितो, कपड्याला पीळ पडत नाही, आणि टॉवेल बदलून द्यायला केबिनवाले असतातच. शॉवरमध्ये भिंतीतून ओढून काढायची बारीक दोरी बहुतेक बोटींवर असते. तिच्यावर हलकंच टाक, जड टाकलंस तर ती सैल पडते. शिवाय केबिनच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हुक चिकटतात. चार-सहा हुक ने. बेसिनची बूच नीट बसेलच असं नाही, म्हणून सपाट रबरी झाकणही बॅगेत टाक. साबण म्हणशील तर शाम्पूनेही काम भागतं.

शुभांगी

प्रेषक: विनायक

मी आयुष्याचा मोठा भाग बोटींच्या इंजिनरूममध्ये काढला, त्यामुळे इस्त्री आणि बाल्कनी या दोन्हीवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

इस्त्री नको. स्टीमरही नको. जवळजवळ सगळ्याच कंपन्या चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. यात कोणाचा आडमुठेपणा नाही. समुद्रात आग लागली तर बाहेरचा बंब येत नाही, खलाशीच बंब. बाल्कनीत दोरी नको, कारण वाऱ्याने उडालेला परकर समुद्रात तरी जातो किंवा खालच्या कोणाच्या बाल्कनीत, आणि तिथे कोणी सिगरेटचं थोटूक टाकलेलं असेल तर पुढचं तुम्हीच ओळखा. 2006 च्या मार्चमध्ये स्टार प्रिन्सेस या क्रूझ बोटीला जमैकाजवळ आग लागली, ती बाल्कनीतूनच पसरली. तपासात संशय सिगरेटवर आला.

धुण्याशी थेट नातं असलेली आग म्हणजे एक्स्टसी या क्रूझ बोटीची. 20 जुलै 1998, बोट नुकतीच मायामीहून निघाली होती. खाली मुख्य लॉन्ड्रीत वेल्डिंग चालू होतं. ठिणगी हवा काढणाऱ्या नळकांड्यात साचलेल्या कपड्यांच्या तुसापर्यंत गेली आणि त्या नळकांड्यातून आग थेट मागच्या डेकवर, जिथे बोट बांधायचे दोरखंड ठेवतात तिथे पोचली. कोणी दगावलं नाही, पण काळाकुट्ट धूर किनाऱ्यावरून दिसत होता. अमेरिकन तपास मंडळाने दोष दिला तो साचलेल्या तुसाला आणि परवानगीशिवायच्या वेल्डिंगला. म्हणून मशीनची खोली मिळाली तर ड्रायर लावायच्या आधी त्याची जाळी स्वतः साफ करा. आधीच्याने केली असेल असं धरून चालू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. केबिनच्या छताला पाणी फवारणारं तोटीसारखं काहीतरी दिसेल. त्याला हँगर अडकवू नका. आतली काचेची नळी फुटली तर तुमचंच नाही, शेजारच्यांचंही धुणं एका मिनिटात होतं.

पाण्याची काळजी करू नका. ते बहुतेक समुद्राचंच असतं, बोटीवर गोडं केलेलं.

विनायक

प्रेषक: माई

चि. नेहा,

सासूबाईंना माझा निरोप सांग. सुती साड्या घरी ठेवायला सांग, नाहीतर रोज पाच वार ओलं कापड घेऊन बसतील. दोन सिंथेटिक साड्या पुरतात, जॉर्जेट किंवा क्रेप, रात्री धुतली की सकाळी नेसायला तयार, आणि इस्त्रीचा प्रश्नही मिटला. परकर सुती आणूच नये. सुती परकर वाळला असं वाटतं, पण नेफा आणि नाडी ओलीच राहते, आणि ती ओली नाडी कमरेला बांधून अलास्काच्या वाऱ्यात उभं राहणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. सॅटिनचा परकर आणावा. थंडीसाठी आत थर्मलची विजार, कोणाला कळत नाही.

पुण्याहून येताना पंचे आणायला सांग. अंग पुसायला, डोक्याला गुंडाळायला, आणि वाळायला अर्धा तास. ते मऊ मायक्रोफायबरचे टॉवेल मला आवडत नाहीत, अंगाला चिकटतात.

बुफेत करी असते. मुलांच्या अंगावर सांडणारच. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेव्हा घाबरून घासू नकोस. खारात हळद लाल होतेच, नुसत्या पाण्याने साबण निघाला की पुन्हा पिवळी होते. उरलेला पिवळेपणा उजेडात जातो. घरी आपण उन्हात टाकतो. तिकडे ऊन नसेल, पण जूनमध्ये अलास्काच्या ज्युनोला 18 तास उजेड असतो, तेव्हा खिडकीशी टाकून बघ.

आतले कपडे मशीनला न देण्याबद्दल सासूबाईंचं बरोबर आहे. मीही देत नाही.

माई

प्रेषक: मिलिंद

थोडं विषयांतर. सप्टेंबरमध्ये युरोपला जाणाऱ्यांसाठी: तिकडच्या मशीनवर 30, 40, 60 असे आकडे असतात. ते सेल्सिअस असतात. अमेरिकेतल्या सवयीने 60 म्हणजे गार समजून स्वेटर टाकलात तर तो मुलीला होईल, 60 म्हणजे 140 फॅरेनहाइट. भाड्याच्या घरात मशीन बहुधा स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये असतं, ड्रायर बहुधा नसतो, कपडे वाळत घालायची घडीची जाळी असते. एक फेरी दोन-अडीच तास चालते, तेव्हा फिरायला निघताना लावू नका, आल्यावर लावा आणि रात्री वाळत घाला. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच इमारतींत रविवारी मशीन लावायला मनाई असते, शेजारी येऊन सांगतात.

जपान करणाऱ्यांनी 100 येनची नाणी साठवून ठेवा. बऱ्याच हॉटेलांत नाण्यांवर चालणारी मशीन असतात, ड्रायर नाण्यागणिक काही मिनिटं चालतो. साबण कित्येक ठिकाणी मशीन आपणच घेतं, वरून ओतलात तर फेसच फेस.

मिलिंद

प्रेषक: नेहा

सगळ्यांचे आभार. कंपनीला विचारलं. आमच्या बोटीवर धुवायची खोली नाही, पण एका पिशवीत मावेल तितके कपडे ठरलेल्या भावात धुवून देतात. तेव्हा जीन्स आणि मुलांचे स्वेटशर्ट चौथ्या दिवशी त्या पिशवीत जातील, बाकीचं मी आणि सासूबाई बेसिनमध्ये उरकू. चुंबकाचे हुक मागवले. माईंची मेल सासूबाईंना फोनवर वाचून दाखवली. नेफ्याचं त्यांना तंतोतंत पटलं. जॉर्जेटच्या दोन साड्या आणि पंचे त्यांनी काढून ठेवलेत, सुती परकर मात्र एक आणणारच म्हणाल्या.

विनायककाका, शॉवरच्या दोरीवर ओली जॉर्जेट साडी पेलेल का? पाच वार आहे.

नेहा

प्रेषक: विनायक

टॉवेलात दाबून घेतलीस तर पेलेल. नाहीतर चार पदरी घडी घालून शॉवरच्या दांड्यावर टाक. केबिनचा एसी बंद करू नकोस, तोच दमट हवा ओढून घेतो आणि कपडे वाळवतो. बाथरूमचं दार रात्री उघडं ठेव.

विनायक

प्रेषक: बापूकाका

नेहा, ते हुक कुठून मागवलेस? लिंक पाठव. आमच्याकडे रेनकोट अडकवायला लागतील.

बापू