मदत हवी आहे : फोन वाजला की ब्रॉडबँड तुटतं, दुमजली घर, लाईन एकच

माडीवरून

घर चिपळूणजवळ, दुमजली. तांब्याच्या एकाच जोडीवर लँडलाईन आणि एडीएसएल२+ (फोनच्याच तारेवरून येणारं) ब्रॉडबँड. खाली काका-काकू, वर आम्ही. कनेक्शन एकच, नेट दोन्ही घरं वापरतात.

वायर अशी फिरते: खांबावरून ड्रॉप वायर (बाहेरून घरात येणारी तार) ओटीवरच्या रोझेटमध्ये (फोनच्या तारा जोडायची डबी) येते. तिथून तीन फाटे निघतात. एक माजघरातल्या फोनला. दुसरा जिन्याच्या कडेने वरच्या खोलीत, साधारण २० मीटर, चपटी चार तारांची वायर. तिसरा मागच्या पडवीत, साधारण २५ मीटर. पूर्वी तिथे फॅक्स होता, आता नुसतं रिकामं रोझेट आहे. स्प्लिटर (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) वरच्या खोलीत आहे, त्याला मॉडेम आणि वरचा फोन लावलाय.

लक्षणं: माजघरातला फोन वाजला किंवा उचलला की मॉडेमचा लिंकचा दिवा लुकलुकतो आणि नेट जातं. त्याच फोनवर बारीक सूं-सूं आवाजही येतो. वरचा फोन उचलला तर काही होत नाही. रात्री लिंक जास्त वेळा तुटते. मॉडेमच्या पानावर डाउनस्ट्रीम (येणारा डेटा) ४०९६ केबीपीएस, मार्जिन (सिग्नल गोंगाटाच्या वर किती शिल्लक आहे ते) ५.८ डीबी, अटेन्युएशन (वाटेत सिग्नलची होणारी घट) ३६ डीबी. अपस्ट्रीम (जाणारा डेटा) ५१२ केबीपीएस, मार्जिन २२ डीबी. सीआरसी एरर (खराब पोचलेल्या डेटाची मोजणी) सारखे वाढत असतात.

काकांसाठी खाली दुसरा मॉडेम लावून पाहिला, तर दोन्हींवर लिंक धड लागत नाही. लाईन बाहेरून खराब आहे की घरातली? तक्रार करण्याआधी खात्री करायची आहे.

तारजोड

घरातली असण्याची शक्यता खूप जास्त आहे. ३६ डीबी अटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंज ढोबळमानाने अडीच किलोमीटरवर. एवढ्या अंतरावर ४ एमबीपीएसला मार्जिन १५ डीबीच्या पुढे मिळायला हवं. ६ च्या खाली लिंक सहज तुटते. शिवाय अपस्ट्रीम ठणठणीत आणि डाउनस्ट्रीम आजारी, हे फार बोलकं आहे. अपस्ट्रीम साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्झमध्ये चालतं, डाउनस्ट्रीम त्याच्या वर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे वरच्या फ्रीक्वेन्सीच कुठेतरी मारल्या जात आहेत.

पहिला दोषी माजघरातला फोन. स्प्लिटर वर आहे, त्यामुळे तो फक्त वरच्या फोनला अडवतो. माजघरातला फोन स्प्लिटरच्या आधीच लाईनला जोडलेला आहे. तो उचलला की लाईनचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) एकदम बदलतो. घंटी वाजताना तर ७५ व्होल्टच्या आसपास एसी लाईनवर येतो. दोन्ही वेळा मॉडेमने लिंक जोडताना मोजलेलं सगळं गणित चुकतं. तो सूं-सूं आवाज म्हणजे फिल्टर नसलेल्या फोनमध्ये शिरलेला डीएसएलचा, म्हणजे नेटचा, सिग्नल.

दुसरा दोषी पडवीतलं रिकामं रोझेट. तिथे काही जोडलेलं नाही म्हणून ते निरुपद्रवी वाटतं, पण उघड्या टोकावरून सिग्नल उलटा फिरतो आणि मूळ सिग्नलला काही फ्रीक्वेन्सीवर खातो. २५ मीटरचा फाटा २ मेगाहर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो, ५० मीटरचा १ मेगाहर्ट्झजवळ. तुमच्या अंतरावर २ मेगाहर्ट्झ तसाही क्षीण असतो, म्हणून याचा वाटा पहिल्यापेक्षा कमी धरा. काढायचा मात्र नक्की.

तिसरी ती चपटी वायर. तिच्या तारांना पीळ नसतो, त्यामुळे ती अँटेनासारखी वागते. मध्यम लहरींचं रेडिओ प्रसारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये असतं, म्हणजे बरोबर डाउनस्ट्रीमच्या पट्ट्यात. अंधार पडला की लांबची केंद्रंही पोचतात. रात्रीचं तुटणं यातून असू शकतं.

खात्री करायची तर ओटीवरच्या रोझेटमधले तिन्ही फाटे सुटे करा, खांबावरून आलेली जोडी तेवढी ठेवा. मॉडेम खाली आणून मीटरभर वायरीने थेट तिथे लावा. फोनच जोडलेला नसल्याने या चाचणीला स्प्लिटर लागत नाही. अर्ध्या तासाने आकडे बघा. मार्जिन उसळलं तर दोष घरात. तसंच राहिलं तर ड्रॉप वायर किंवा त्याच्या पलीकडे, मग हेच आकडे लाइनमनला दाखवा. हे करताना ओल्या हाताने उघड्या तारांना हात लावू नका, मध्येच रिंग आली तर चांगला झटका बसतो.

गंजकाजळी

एक पुस्ती. फोन उचलल्यावर नेट *सुधारत* असेल तर दोष फिल्टरचा नसतो, सांध्याचा असतो. नुसत्या पिळून टेप लावलेल्या सांध्यावर दमट हवेत हिरवा गंज चढतो. फोन उचलल्यावर जो करंट वाहतो तो त्या थरातून तात्पुरती वाट काढतो. तुमच्याकडे उलटं आहे, पण वायर उघडलीच आहे तर सांधेही बघून घ्या.

मल्टिमीटर असेल तर सुट्या केलेल्या फाट्याचं लांबचं टोक शॉर्ट करा (दोन्ही तारा एकमेकींना जोडा) आणि जवळून ओहम मोजा. ०.५ मिमी तांब्याला जोडीमागे किलोमीटरला साधारण १७५ ओहम पडतात, म्हणजे ३० मीटरला ५-६. चपट्या वायरीत तांबं बारीक असतं, तिथे थोडं जास्त येईल. पण ४०-५० दिसले, किंवा वायर हलवल्यावर आकडा नाचला, तर मध्ये सडका सांधा आहे. नवीन सांध्याला जेली भरलेले बटण कनेक्टर वापरा. तार सोलायची नाही. दोन्ही टोकं आत तळापर्यंत सारून पकडीने सरळ दाबायचं.

माडीवरून

चाचणी केली. ओटीवर थेट लावल्यावर डाउनस्ट्रीम मार्जिन १७.५ डीबी, सीआरसी जवळपास थांबले. म्हणजे घरातलंच. आता कायमची रचना कशी करू? वर वायफाय हवंच आहे, आणि काकांनाही. दुसरा मॉडेम का चालत नाही तेही सांगा.

तारजोड

एका जोडीच्या पलीकडे एक्स्चेंजमध्ये एकच पोर्ट असतो आणि तो एकाच मॉडेमशी बोलतो. दुसरा त्याच तारेवर ओरडायला लागला की दोघांचंही ऐकू येत नाही. त्यामुळे डीएसएल एकदाच उतरवायचं, पुढे सगळं लॅनवर, म्हणजे घरातल्या नेटवर्कवर.

स्प्लिटर ओटीवर आणा. त्याच्या लाईन पोर्टला फक्त खांबावरची जोडी. फोन पोर्टवरून माजघर आणि वरचा फोन, दोन्ही पॅरलल. ती जुनी चपटी वायर आता नुसत्या आवाजासाठी चालेल. मॉडेम पोर्टला मॉडेम, छोट्या वायरीने. पडवीचा फाटा रोझेटमधूनच काढून टाका. लाईन आणि फोन पोर्टची अदलाबदल ही नेहमीची गडबड आहे: फोन सुरू राहतो, नेट मात्र लागत नाही, आणि लोक मॉडेमला दोष देतात.

ओटीवरून वर कॅट-५ई केबल न्या. १०० मीटरपर्यंत अडचण नाही. तुमचा दुसरा मॉडेम वर ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा) म्हणून वापरता येईल, फक्त हे आधी करा: त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ ठेवा, कारण दोघांचाही १९२.१६८.१.१ असला तर भांडण. त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद. पीपीपीओईचं (नेट कंपनीकडे लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड पुसा. केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये जाते, डीएसएल पोर्ट रिकामा. वायफाय खाली चॅनेल १, वर ६ किंवा ११.

गंजकाजळी

लिंक स्थिर झाल्यावरही 'नेट स्लो आहे' अशी तक्रार येईल, तेव्हा अपलोड बघा. ५१२ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ६४ केबी (८ बिटांचा एक बाइट). कोणाच्या मोबाईलने ३ एमबीचा एक फोटो बॅकअपला चढवला तरी पाऊण-एक मिनिट अपलोड पूर्ण भरलेलं राहतं, आणि तेवढा वेळ दुसऱ्या मजल्यावर साधी पानंही उघडत नाहीत, कारण डाउनलोडची पोचसुद्धा त्याच रांगेत अडकते. मॉडेममध्ये क्यूओएस (वेगाला मर्यादा घालायची सोय) असेल तर अपलोड ४०० केबीपीएसवर बांधा, नसेल तर दोन्ही घरांनी फोटो बॅकअप रात्रीवर टाकावा.

आणि वळवाच्या व परतीच्या पावसात, ढग गडगडायला लागले की खांबावरची जोडी स्प्लिटरपासून आणि ॲडॉप्टर बोर्डापासून काढा, वर जाणारी लॅन केबलही. नुसता स्विच बंद करून भागत नाही. वीज फोनच्या तारेने आत येते आणि लॅनच्या वाटेने वरचा ॲक्सेस पॉइंटही जाळते.