आईच्या बॅगेतली राईची उशी कशी बाहेर काढू?

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. ती इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिचं पहिलं बाळ गेल्या वर्षी अकरा आठवड्यांचं असताना झोपेतच गेलं. ना ताप, ना सर्दी. तिथल्या रीतीप्रमाणे पोलीस घरी आले, शवविच्छेदन झालं, कारण सापडलं नाही. कागदावर 'सिड्स', म्हणजे तान्ह्या बाळाचा अचानक, कारण न सापडलेला मृत्यू.

आता तिला सातवा महिना आहे आणि आई सांगलीहून बाळंतपणाला निघाली आहे. बॅगेत राईची उशी, गोधड्या, कुंची, लोकरी टोपडी. डोकं गोल व्हायला उशी हवीच, आणि बाळ दचकलं की पालथं निजवायचं, हे तिचं ठाम. "तुम्हा दोघींना असंच वाढवलं."

तिथल्या हेल्थ व्हिजिटरने (बाळ-बाळंतिणीकडे घरी येणारी सरकारी नर्स) सांगितलेलं मला पाठ झालंय. पहिलं वर्षभर प्रत्येक झोप उताणी, दुपारचीसुद्धा. गादी घट्ट, सपाट. पाळण्यात उशी, गोधडी, खेळणं काही नको. झोपताना डोकं उघडं. खोली १६ ते २० अंश. पहिले सहा महिने आईबाबांच्या खोलीत, पण स्वतःच्या पाळण्यात. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी तर मुळीच नाही. (आई नेमकी तिथेच पेंगणार, मी ओळखते तिला.)

गोची अशी, की बहिणीने हे सगळं तेव्हाही पाळलं होतं. आई विचारते, "मग काय उपयोग झाला?" मला उत्तर सुचत नाही. आणि फार जोर करावा तर बहिणीला वाटेल, तिचंच चुकलं असं आपण धरून चाललोय. "कुशीत दबलं असेल" असं एका नातेवाइकाने बोलून झालंच आहे.

शिवाय त्या बाळाचं नाव घरात कोणी काढत नाही. पोटुशीसमोर काढू नये म्हणे. ती मात्र फोनवर हळूच विचारते, "ताई, तुला आठवतो ना तो?"

प्रतिसाद:
ताई, आईंना सांगा, धोका कमी होतो, शून्य होत नाही. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना उताणं झोपवायची मोहीम निघाली आणि असे मृत्यू झपाट्याने घटले. कुणाचं चुकलं हा प्रश्नच नाही. दूध ठसक्यात जाईल ही भीती असेल, तर उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, दूध सहसा वर चढत नाही. पालथं घालायचं काम आजीलाच द्या, पण बाळ जागं असताना, समोर बसून. कुंचीही जागेपणी, बाहेर नेताना. आणि तिथल्या लल्लबाय ट्रस्ट या संस्थेला फोन करायला लावा. बाळ गेलेल्या घरांसाठी त्यांची हेल्पलाइन आहे, आजी-आजोबांनाही चालते. पुढच्या बाळाच्या वेळी आधार द्यायला त्यांची 'कोनी' (केअर ऑफ नेक्स्ट इन्फंट) योजना आहे, तिच्या भागात आहे का ते हेल्थ व्हिजिटरला विचारू दे. आमच्या जावेच्या घरी हेच झालं होतं. तिला सगळ्यात बोचलं ते नाव न घेणं.

धागाकर्ती:
काल नाव घेऊनच बोलले. दोघी खूप रडलो, मग त्याच्या जावळावरून हसलोही. पालथं घालायचं काम आईला पटलंय. उशी अजून बॅगेतच आहे. निघायला नऊ दिवस आहेत.